फुकटाचे तळे कोणाच्या मालकीचे?

मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका मुलीची 'स्वाधार'ची संधी हुकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना वाचकांना ठाऊक असेलच. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाच्या खर्चाची रक्कम थेट बँक खात्यात मिळते. अर्जाची शेवटची तारीख, लागणारे दाखले, कोणत्या कार्यालयात जायचे, ही सगळी माहिती आम्ही आमच्या अभ्यासिकेच्या पानावर टाकली होती. हे पान आम्ही पाच-सहा कार्यकर्ते एका मोठ्या समाजमाध्यमावर सहा वर्षांपासून चालवतो. चार हजारांवर लोक ते फॉलो करतात. ती मुलगीही करते. तरी माहिती तिच्यापर्यंत पोचली नाही.

तारीख उलटून गेल्यावर ती अभ्यासिकेत आली आणि म्हणाली, "दादा, मी रोज बघते की पान. मला तर काहीच दिसलं नाही." आम्ही आकडे उघडून पाहिले. स्वाधारची पोस्ट ६१ लोकांपर्यंत गेली होती. त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकाने टीव्हीवरच्या चर्चेतला एक चीड आणणारा तुकडा टाकला होता, वर चार कडक ओळी लिहिल्या होत्या. खाली तीनशे शिव्या आणि तेवढ्याच उलट शिव्या. ती पोस्ट अकरा हजार लोकांपर्यंत गेली होती. स्वाधारच्या पोस्टखाली एक बटणही होते: पैसे भरा, आम्ही ही पोस्ट अधिक लोकांपर्यंत पोचवतो.

माहिती आमची. ती ऐकायला जमलेले लोकही आम्हीच सहा वर्षांत जमवलेले. आणि त्यांच्याशी बोलायचे तर मधल्या माणसाला पैसे द्यायचे. त्या मुलीने शहरातली भाड्याची खोली सोडली. आता ती रोज दोन तास जाऊन दोन तास परत येते.

चूक आमचीही होती. एका महत्त्वाच्या तारखेसाठी आम्ही एका फुकट सेवेवर विसंबून राहिलो. पण आमची चूक मान्य केल्यावरही प्रश्न उरतोच. माहिती मागे का पडते आणि चीड पुढे का जाते? हे कोणी ठरवले?

धंदा नेमका कशाचा?

"सेवा फुकट असेल तर माल तुम्हीच आहात" हे वाक्य आता सगळ्यांना पाठ झाले आहे. पाठ झाले म्हणूनच त्याचा अर्थ कोणी लावत नाही. कंपनी आपली माहिती किराणा दुकानातल्या साखरेसारखी पुड्या बांधून विकते, असा अनेकांचा समज आहे. मोठ्या कंपन्या बहुतांशी तसे करत नाहीत. माहिती त्या स्वतःजवळ ठेवतात, कारण तेच त्यांचे भांडवल आहे. त्या विकतात ती आपल्या डोळ्यांसमोरची जागा. तुम्ही मोबाइल उघडता त्या क्षणी, डोळ्याची पापणी लवायच्या आत, ती जागा कोणाला द्यायची याचा लिलाव होतो. या माणसाला काय आवडते, हा कुठे राहतो, हा कशावर बोट थांबवतो, याचा अंदाज जितका अचूक तितका त्या जागेचा भाव जास्त.

हा धंदा केवढा आहे? फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते. त्यातले सुमारे १३२ अब्ज जाहिरातींतून आले, म्हणजे दर शंभर डॉलरमागे जवळपास ९८. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिच्या त्याच वर्षीच्या उत्पन्नाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग जाहिरातींचा होता. शंभरातले ९८ रुपये ज्या गिऱ्हाइकाकडून येतात, दुकान त्या गिऱ्हाइकाच्या सोयीने मांडले जाते. आपण त्या दुकानात रोज जातो. पण गल्ल्यात पैसे टाकणारे गिऱ्हाईक आपण नाही.

आता राहिला चिडीचा प्रश्न. जाहिरातीची जागा वाढवायची तर माणूस जास्त वेळ थांबला पाहिजे, परत परत आला पाहिजे. यासाठी कोणत्या पोस्ट वर आणायच्या याचे गणित केले जाते. त्याला अल्गोरिदम म्हणतात. २०१७ पासून फेसबुकच्या गणितात साध्या 'लाइक'ला एक गुण होता आणि रागाच्या, हसण्याच्या, रडण्याच्या चिन्हांना पाच. २०२१ साली फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली तेव्हा हे जगाला कळले. रागाचे चिन्ह ज्या पोस्टवर जास्त, तिथे खोटी माहिती आणि विखारही जास्त, असे कंपनीच्याच संशोधकांना दिसले होते. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये रागाच्या चिन्हाचे गुण शून्यावर आणले. मधली तीन वर्षे जगभरच्या कोट्यवधी माणसांना रोज काय दिसावे हे त्या गणिताने ठरवले.

तिथे बसून कोणी आंबेडकरी मुलांविरुद्ध कट रचला होता, असे आमचे म्हणणे नाही. कटाची गरजच पडत नाही. स्वाधारची पोस्ट वाचून माणूस कागदपत्रे गोळा करायला उठतो, म्हणजे मोबाइल खाली ठेवतो. भांडणाची पोस्ट वाचून तो तिथेच बसतो. नफ्याच्या गणितात पहिली पोस्ट तोट्याची आणि दुसरी फायद्याची. जातीच्या उतरंडीलाही रोज नवा कट लागत नाही. एकदा रचना बसली की माणसे आपापल्या जागी आपले काम करत राहतात आणि अन्याय होत राहतो. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही हे शिकलो, पण त्याआधी वस्तीत पाहिले होते.

माणसामागे भाव

या धंद्यात प्रत्येक माणसाचा भाव वेगळा असतो. मेटा आपल्या गुंतवणूकदारांना तो आकडा देत असे. २०२३ च्या शेवटच्या तीन महिन्यांत फेसबुकला अमेरिका-कॅनडातल्या एका वापरकर्त्यामागे सरासरी ६८ डॉलर मिळाले. आशिया-पॅसिफिक विभागात, ज्यात आपण येतो, साडेपाच डॉलर. जगाला जोडण्याची भाषा सगळ्यांसाठी एक, पण वहीत आपली नोंद बाराव्या हिश्शाची.

भाव कमी म्हणून काळजीही कमी. २०२० सालच्या अंतर्गत कागदपत्रांनुसार खोटी माहिती हुडकून काढण्याच्या कामाच्या वेळेतला ८७ टक्के भाग एकट्या अमेरिकेसाठी राखलेला होता आणि उरलेल्या सगळ्या जगासाठी १३ टक्के. रोज वापरणाऱ्यांत उत्तर अमेरिकेतले लोक मात्र दहा टक्क्यांच्या आसपास. हे आकडे अपुरे आहेत, त्यात बाहेरच्या तथ्य-तपासनीसांचे काम धरलेले नाही, असा खुलासा कंपनीने केला. तो खुलासा लक्षात घेऊनही दिशा लपत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीच्याच एका संशोधकाने केरळमध्ये राहणाऱ्या व्यक्तीच्या नावे एक चाचणी खाते उघडले आणि यंत्र सुचवेल तेवढेच पाहायचे ठरवले. तीन आठवड्यांत ते खाते द्वेषाने, हिंसेच्या चित्रांनी आणि खोट्या बातम्यांनी भरून गेले.

मराठीत जातीवाचक शिवी कशी दिली जाते हे आपल्याला सांगावे लागत नाही. सरळ शिवी क्वचितच दिली जाते. 'फुकटे', 'कोट्यातले', 'सरकारचे जावई' असे शब्द असतात. हे ओळखायला मराठी येणारी आणि जात कळणारी माणसे नेमावी लागतील. माणूस नेमला की खर्च आला. साडेपाच डॉलरच्या गिऱ्हाइकासाठी तो खर्च कोण करणार? बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती इथे डॉलरमध्ये लिहिलेली आहे.

म्हणून आपल्या चळवळीतल्या काही मित्रांशी आमचा मतभेद आहे. ते म्हणतात, आपण ब्राह्मणवादाशी लढावे, नफ्याचे आणि भांडवलाचे कम्युनिस्ट बघून घेतील. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे शत्रू दोन सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन्ही नावे एकाच भाषणात घेतली होती. जातीचा विखार जिथे गिऱ्हाईक खिळवून ठेवायला उपयोगी पडतो, तिथे या दोघांचा संसार एकाच घरात चालतो.

मालक बदलला की वचन बदलते

"पण सगळ्याच कंपन्या तशा नसतात," असे कोणी म्हणेल. सुरुवातीला नसतात, हे खरे आहे. गूगलच्या दोन्ही संस्थापकांनी १९९८ साली विद्यापीठात असताना लिहिलेल्या शोधनिबंधात बजावले होते की जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल. दोन वर्षांनी, २००० साली, त्यांच्याच कंपनीने जाहिराती विकायला सुरुवात केली.

व्हॉट्सॲपची गोष्ट तर आपल्या रोजच्या वापरातली. २००९ साली निघालेल्या या कंपनीच्या संस्थापकांचा जाहिरातींना उघड विरोध होता. आपण जाहिराती का विकत नाही यावर २०१२ साली त्यांनी लेखही लिहिला. वर्षाला सुमारे एक डॉलर वर्गणी घ्यायची आणि माणसाला शांतपणे निरोप पाठवू द्यायचा, असा सरळ हिशोब होता. २०१४ साली फेसबुकने ही कंपनी १९ अब्ज डॉलरला घेण्याचे ठरवले. २०१६ च्या जानेवारीत वर्गणी रद्द झाली. आपल्याला आनंद झाला, फुकट झाले म्हणून. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नवे धोरण आले आणि आपले फोन नंबर फेसबुककडे जाऊ लागले. दोन्हीकडची खाती आपोआप जोडणे शक्य नाही असे खरेदीच्या वेळी युरोपियन आयोगाला सांगितले होते. ते दिशाभूल करणारे होते, म्हणून २०१७ मध्ये आयोगाने फेसबुकला ११ कोटी युरो दंड केला. दोन्ही संस्थापक एकामागून एक बाहेर पडले. २०२१ चे 'मान्य करा नाहीतर सेवा सोडा' धोरण आले. त्यावर भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड केला. कंपनी अपिलात गेली. आणि जून २०२५ मध्ये व्हॉट्सॲपच्या 'अपडेट्स' भागात जाहिराती येणार असल्याचे कंपनीने जाहीर केले.

आपले संदेश बंद पाकिटात जातात, कंपनी ते वाचत नाही, हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण कोण कोणाशी, किती वेळा, कुठून बोलतो ही पाकिटावरची माहितीही किमतीची असते. संस्थापक अप्रामाणिक होते असेही नाही. वचन त्यांनी दिले होते, मालकी दुसऱ्याकडे गेली आणि वचनाला वारस उरला नाही.

गरिबांच्या नावाने

नफ्याचा हेतू गरिबांच्या कल्याणाची भाषा किती सफाईने बोलतो, हे आपल्या देशाने २०१५ साली पाहिले. फेसबुकने 'फ्री बेसिक्स' नावाची योजना आणली. गरिबाला फुकट इंटरनेट मिळणार होते, पण कंपनीच्या दारातून आत येणाऱ्या मोजक्याच संकेतस्थळांचे. डिसेंबरमध्ये वर्तमानपत्रांची पानेच्या पाने जाहिरातींनी भरली. मार्क झुकरबर्गने इंग्रजी दैनिकात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली, त्याला या योजनेतून हवामानाची माहिती मिळते म्हणून. गरीब शेतकऱ्याच्या भल्याला विरोध करणार तरी कोण, असा त्याचा रोख होता.

विरोध झाला. 'ट्राय'ने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम काढून अशा भेदभावाच्या दरांना बंदी घातली. त्यानंतर फेसबुकच्या संचालक मंडळावरच्या मार्क अँड्रीसन या अमेरिकन गुंतवणूकदाराने जाहीरपणे लिहिले की वसाहतवादाला विरोध करूनच भारताचे आर्थिक नुकसान झाले. ओरड झाल्यावर त्याने ते काढून टाकले आणि माफी मागितली.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि काही महिने डेटा खरोखर फुकट मिळाला. वस्तीतल्या मुलांनी पहिल्यांदा मनसोक्त व्हिडिओ पाहिले. तो आनंद खोटा नव्हता. पण त्या काळात लहान दूरसंचार कंपन्या बाजारातून उठल्या. २०२० साली फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये आणि गूगलने ३३,७३७ कोटी रुपये जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये गुंतवले. २०२४ च्या जुलैत जिओ, एअरटेल आणि व्ही या तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले. फुकट वाटताना दानशूर दिसणाऱ्याने हिशोबाची वही मिटलेली नसते. तो बाजार हातात येण्याची वाट पाहत असतो.

महाडची आठवण

इथे आम्हाला चवदार तळ्याचा खटला आठवतो. सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे, खटला थोड्यांना. १९२३ साली बोले ठराव झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. त्या आधारावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे तळ्यावर गेली. त्यानंतर सनातन्यांनी कोर्टात काय मांडले? हे तळे सार्वजनिक नाही, खाजगी मालकीचे आहे. डिसेंबरमध्ये कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि दुसऱ्यांदा पाण्यावर जाणे थांबवावे लागले. पुढे दहा वर्षे खटला चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. तळे सनातन्यांच्या खाजगी मालकीचे नाही, नगरपालिकेचे आहे, हे त्या खटल्यात स्पष्ट झाले.

मालकीचा प्रश्न आपल्या लढ्यात असा पहिल्यापासून आहे. सार्वजनिक तळ्यावर हक्क सांगता येतो. खाजगी तळ्यावर मालकाची मर्जी चालते.

आपण आज ज्या तळ्यांवर रोज जातो ती खाजगी आहेत. तिथे संविधान दाखवून दार उघडत नाही. तिथे 'अटी व शर्ती' चालतात, ज्या आपण न वाचता मान्य केलेल्या असतात आणि मालक वाटेल तेव्हा बदलू शकतो. ट्विटरच्या निळ्या खुणेचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये प्राध्यापक दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले तेव्हा देशभरच्या बहुजन तरुणांनी विचारले की ही खूण द्यायची कोणाला हे कोण ठरवते आणि त्यात आमची माणसे इतकी कमी का. 'जयभीम ट्विटर'चा नारा काही दिवस गाजला. भेदभाव होत नाही, असे कंपनीने सांगितले. मग कंपनी विकली गेली, आणि ती खूण महिन्याच्या पैशांवर विकायला ठेवली गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये जुन्या खुणा काढून टाकल्या. आधी मालकाची मर्जी होती, नंतर आपला खिसा आला. हक्क दोन्ही वेळा नव्हता.

"पण आवाज तर मिळाला"

हा आक्षेप आम्ही हलक्यात घेत नाही. आम्हीही याच माध्यमांवर मोठे झालो. २००६ साली खैरलांजी घडले तेव्हा मोठ्या वर्तमानपत्रांना जाग यायला किती दिवस लागले हे आपल्याला आठवते. ईमेल आणि ब्लॉगवरून आपल्याच माणसांनी ती बातमी बाहेर नेली. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला आणि त्याचे शेवटचे पत्र एका रात्रीत देशभर वाचले गेले. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद एखाद्या मोठ्या पक्षाने पुकारलेला नव्हता. मोबाइलवरून निरोप फिरले आणि लोक रस्त्यावर आले. हे सगळे खरे आहे.

पण भाडेकरू घरात सुखाने राहिला म्हणून घर त्याचे होत नाही. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झाले. डिसेंबर २०२० मध्ये याहू ग्रुप्स बंद झाले. तिथल्या चर्चा, वाद, पत्ते, फोटो, ज्यांनी वेळेत उतरवून घेतले नाहीत त्यांचे गेले. धंदा परवडेना, दुकान बंद, इतका साधा मामला. आपल्या आजी-आजोबांनी पत्र्याच्या पेटीत जपलेली पत्रके आणि जुने अंक मिळाले म्हणून चळवळीचा इतिहास लिहिता आला. आपल्या दहा वर्षांच्या आंदोलनाची पेटी कोणाच्या घरात आहे?

बाबासाहेबांसमोर हाच प्रश्न होता. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही, हा प्रसंग चळवळीत सर्वांना माहीत आहे. ज्या माध्यमाची मालकी दुसऱ्याकडे, तिथे आपले पैसेही चालत नाहीत, हे तेव्हाच कळले होते. म्हणून १९२० ला 'मूकनायक', १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. कर्ज झाले, अंक बंद पडले, पुन्हा सुरू झाले. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' हे त्यांच्या एका अग्रलेखाचे शीर्षकच आहे. पत्राचे कर्ज समाजाचे आहे, समाजाने ते फेडावे, हे त्यांनी वाचकांपुढे मांडले. आणि १९४३ साली पुण्यात रानड्यांवरील व्याख्यानात त्यांनी सांगितले की भारतातली पत्रकारिता पूर्वी पेशा होती, आता व्यापार झाली आहे, आणि तिची नैतिक जबाबदारी साबण बनवणाऱ्याहून जास्त उरलेली नाही. आज असते तर साबणाच्या कारखान्याच्या जागी कोणाचे नाव आले असते, हे वाचकांनी ठरवावे.

मग करायचे काय?

सगळे सोडून द्या, असे आम्ही सांगणार नाही. बाजार जिथे भरतो तिथे जाऊन बोलावेच लागते. पण बाजारात जाणे आणि घर बाजारातच थाटणे यात फरक आहे.

पहिले काम, स्वतःचे छप्पर. प्रत्येक संघटनेचे स्वतःच्या नावाचे साधे संकेतस्थळ असावे. लेख आधी तिथे, मग समाजमाध्यमावर त्याचा दुवा. फोटो आणि व्हिडिओंची एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर असावी. आपल्या लोकांची नावे-नंबर, त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत असावेत.

दुसरे काम, वर्गणी. हे लिहिताना काही जण नाराज होतील. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर आपली मंडळे जेवढा खर्च करतात, तेवढ्यात एक संकेतस्थळ कित्येक वर्षे चालते. डीजेला वर्गणी निघते, आपल्या पत्राला निघत नाही. फुकटाची सवय आपल्यालाही लागली आहे. जो वाचक पैसे देत नाही त्याच्या वाटचे पैसे जाहिरातदार देतो, आणि मग पत्र जाहिरातदाराचे होते. विकिपीडिया जाहिराती न घेता वाचकांच्या देणगीवर चालतो आणि त्यात मराठी विकिपीडियाही आहे. जगभरच्या वाचकांना ते जमते, धम्मदानाची परंपरा सांगणाऱ्यांना का जमू नये?

तिसरे काम, कायद्याची मागणी. पोस्ट काढली, खाते बंद केले, तर कारण मराठीत आणि लेखी मिळाले पाहिजे. मराठीतल्या जातीय विखारावर नजर ठेवायला किती मराठी माणसे नेमली आहेत, हे कंपन्यांनी जाहीर केले पाहिजे. एका सेवेतून दुसऱ्या सेवेत आपले संपर्क आणि लेखन घेऊन जाता आले पाहिजे, जसा मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. फ्री बेसिक्सच्या वेळी नियम करता आला, तर हेही करता येईल. निवडणुकीत आपल्या वस्तीत येणाऱ्या उमेदवाराला हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

चौथे काम सगळ्यात कठीण. आपला राग फुकट देणे बंद करायचे. संताप येईल असे रोज काहीतरी घडते आणि संतापलेच पाहिजे. पण एखादी क्लिप पुढे पाठवण्याआधी विचारायचे की यातून तक्रार दाखल होणार आहे का, मोर्चा निघणार आहे का, कोणाला मदत पोचणार आहे का. यातले काहीच होणार नसेल, तर त्या रागाचे पैसे कोणाच्या तरी खात्यात जमा होतात आणि आपल्या हातात थकवा उरतो.

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. अभ्यासिकेत एक जाड वही ठेवली आहे. त्यात वस्तीतल्या शिकणाऱ्या मुलामुलींची नावे, इयत्ता आणि घरातल्या एकाचा नंबर आहे. विहाराच्या भिंतीवर फळा लावला आहे आणि त्यावर तारखा खडूने लिहितो. यंदा स्वाधारचे अर्ज सुरू झाले तेव्हा दोन संध्याकाळी बसून आम्ही ४७ फोन केले. नऊ जणांचे नंबर लागले नाहीत, त्यांच्या घरी गेलो. फोन करणाऱ्यांत ती मुलगीही होती. तिचा स्वतःचा अर्ज तिने पहिल्याच दिवशी भरला होता.

पान अजून चालू आहे. तारखेची पोस्ट आम्ही तिथेही टाकली. ती किती जणांपर्यंत गेली, ते पाहिले नाही.

जय भीम!